आईच्या कंबरदुखीविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी तपासणी संपवताना ‘यात मनाचाही भाग आहे’ असे सांगितले आणि तेव्हापासून आई दुखण्याविषयी बोलायचीच बंद झाली आहे, असे बाबांनी मला कळवले. हा विषय फोनवर घाईघाईत उरकण्यासारखा नाही. तुम्हा दोघांनाही सवडीने वाचता यावे, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

आई, तुझी वेदना खरी आहे. डॉक्टरांच्या त्या वाक्यातून तुला ‘ही उगाच कण्हते’ असे ऐकू आले, आणि ते साहजिकच आहे, कारण वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्या किती तरी बायकांना नेमके हेच ऐकवले गेले आहे. आजचे वैद्यकशास्त्र मात्र तसे मानत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार वेदना हा संवेदना आणि भावना या दोहोंचा मिळून होणारा अप्रिय अनुभव आहे. आणि त्याच व्याख्येला जोडलेल्या टिपेत, एखादी व्यक्ती मला दुखते आहे असे सांगत असेल तर तिच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असे स्पष्ट नोंदवले आहे. म्हणजे भावना प्रत्येकाच्याच वेदनेत असतात, पाय मुरगळलेल्या खेळाडूच्याही आणि ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्याही.

हे घडते कसे, ते थोडे सांगते. कंबरेतून निघालेला संदेश जसाच्या तसा मेंदूपर्यंत पोहोचत नाही. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी असे मांडले की मज्जारज्जूमध्ये या संदेशांची वाट कमी-अधिक उघडी होऊ शकते आणि तिच्यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या सूचनांचाही ताबा असतो. त्यांच्या मूळ मांडणीतील काही तपशील पुढे बदलले, पण मेंदू वेदना वाढवूही शकतो आणि दाबूही शकतो, ही गोष्ट टिकली. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आघाडीवर बीचर नावाच्या भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक औषध हवे का असे विचारले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी नको म्हटले. त्यांच्या जखमा लहान नव्हत्या. पण त्या जखमेचा अर्थ त्यांच्यासाठी युद्धातून जिवंत सुटका असा होता, असे बीचर यांना वाटले. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. औषध नसलेले, नुसत्या विश्वासावर चालणारे इंजेक्शन घेऊन ज्यांना आराम पडला होता, त्यांना शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक रसायनांना अडवणारे औषध दिल्यावर तो आराम ओसरला. मनातील आशेनेसुद्धा शरीरात खरीखुरी रसायने तयार होतात, हे त्यावरून दिसले. आणि आशेला जर शरीर आहे, तर भीतीला आणि दुःखालाही आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेला दीर्घकालीन म्हणतात, आणि तिचे वागणे ताज्या वेदनेपेक्षा वेगळे असते. सतत संदेश येत राहिले की मज्जारज्जूतील आणि मेंदूतील पेशी अधिकाधिक संवेदनशील होत जातात, हे १९८३ पासूनच्या संशोधनातून पुढे आले आहे. एकदा चोरी झाल्यावर पानाच्या सळसळीनेही दचकून उठणाऱ्या राखणदारासारखी त्या मज्जासंस्थेची अवस्था होते. म्हणून साधे कुशीवर वळतानाही तुझ्या कंबरेत चमक निघते, जरी त्या क्षणी तिथे नव्याने काही बिघडत नसले तरी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी सुरू झालेल्या लोकांच्या मेंदूचे वर्षभर निरीक्षण केले होते. ज्यांचे दुखणे थांबले नाही, त्यांच्या मेंदूतील वेदनेशी निगडित हालचाल हळूहळू संवेदनांच्या भागांकडून भावनांच्या भागांकडे सरकलेली आढळली. डॉक्टरांना बहुधा हेच सांगायचे होते, पण त्यांनी ते एका वाक्यात, दाराकडे बघत सांगितले. इतक्या नाजूक गोष्टीसाठी ते पुरेसे नव्हते, असे माझे मत आहे.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना मला संकोच वाटतो आहे. आई, तुझी कंबर पूर्वीही दुखायची, पण मावशी गेल्यानंतर ती वेगळ्याच रीतीने दुखू लागली. त्या दिवसांत तू सर्वांना धीर दिलास, आल्यागेल्याचे सगळे पाहिलेस, आणि तुला स्वतःला मोकळेपणाने रडताना मी एकदाही पाहिले नाही. दुःख मनात कोंडले की स्नायू आखडतात, झोप तुटते, लक्ष पुन्हा पुन्हा दुखऱ्या जागेकडे जाते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीचा ठणका वाढतो. ‘कंबर दुखते’ म्हटले की आम्ही सगळे धावतो. ‘मला तिची फार आठवण येते’ असे म्हणायला मात्र घरात कुणी जागाच ठेवलेली नसते. तुझ्या दुखण्याचे सारे मूळ दुःखात आहे, असा माझा दावा नाही, आणि तसे ठरवण्याचा मला अधिकारही नाही. पण तुला मावशीविषयी बोलायचे असेल, रागावायचे असेल किंवा नुसते रडायचे असेल, तर ते ऐकणे हाही तुझ्या उपचाराचा भाग आहे, असे मी मनापासून मानते.

बाबा, एक विनंती तुम्हाला आहे. आई उठली की तुम्ही ‘सांभाळून’ म्हणता, ती वाकली की ‘मी उचलतो’ म्हणून पुढे होता, आणि हे सगळे निव्वळ काळजीपोटी असते. परंतु दिवसभर ऐकलेल्या अशा सूचनांमधून तिच्या मेंदूला ‘ही पाठ कधीही मोडू शकते’ असाच निरोप मिळत राहतो. भीतीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंमुळे थोडेसे काम केले तरी दुखते, आणि त्या दुखण्याने भीती आणखी घट्ट होते. या चक्राचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार असे आढळले आहे की दुखण्याची भीती माणसाला कित्येकदा दुखण्याहूनही अधिक जखडून ठेवते. तेव्हा तिला थांबवण्याऐवजी रोज तिच्यासोबत थोडे चालायला जाल का? फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम करताना नुसते जवळ बसलात, तरी तिला मोठा आधार वाटेल.

एमआरआयच्या रिपोर्टमधील ‘झीज’ आणि ‘चकती फुगलेली’ या शब्दांचीही तुम्हाला धास्ती बसली आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार साठीच्या वयात ८८ टक्के आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज दिसते. केस पांढरे होण्याइतकीच ही गोष्ट वयाची आहे. त्यामुळे तो रिपोर्ट कृपया पुन्हा पुन्हा काढून वाचू नका.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी नैराश्यावरची आहे, हे वाचून आईने ती बाजूला ठेवली, असेही कळले. या वर्गातील काही औषधे मेंदूकडून खाली जाणारी वेदना दाबणारी यंत्रणा बळकट करतात, आणि म्हणूनच ती नैराश्य नसलेल्या रुग्णांनाही वेदनेसाठी दिली जातात. ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवू. केवळ पाकिटातील कागदावरून नको.

औषधांखेरीज भावनांवर काम करणारे उपचारही आहेत. २०२४ मध्ये दीर्घकालीन वेदना असलेल्या १२६ वयस्कर माजी सैनिकांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात दडपलेल्या भावना ओळखून व्यक्त करायला शिकवणाऱ्या उपचाराने ६३ टक्के जणांची वेदना किमान ३० टक्क्यांनी कमी झाली. विचारांची पद्धत बदलण्यावर भर देणाऱ्या नेहमीच्या मानसोपचाराने तेवढा फरक १७ टक्के जणांना पडला. ही एक छोटी चाचणी आहे आणि त्यात बहुतेक पुरुषच होते, त्यामुळे आईला असाच गुण येईल असे वचन मी देऊ शकत नाही. तरीही सत्तरीच्या आसपासच्या माणसांची जुनी दुखणी अशी हलू शकतात, हे वाचून मला फार धीर आला.

याचा अर्थ शरीराकडे दुर्लक्ष करायचे असा मुळीच नाही. पायातील ताकद अचानक कमी झाली, जांघेच्या भागात बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर एक क्षणही न थांबता रुग्णालयात जायचे. ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा विश्रांती घेऊनही न थांबणारी रात्रीची कळ असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगायचे.

पुढच्या तपासणीला मी सोबत येईन. गोळीविषयी आणि वेदनेवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याविषयी आपण तिघे मिळून विचारू, आणि डॉक्टरांनी पुरेसा वेळ द्यावा, असे मी त्यांना आधीच कळवून ठेवीन. आई, तोवर तुला आणखी काही विचारायचे सुचले तर कागदावर लिहून ठेव. बाबा, भेटीची तारीख ठरली की कळवा, म्हणजे मला रजा टाकता येईल.

कळावे,
तुमची लेक