युद्धकैद्यांच्या कार्यशाळा आणि पुणे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युद्धकैद्यांच्या कल्पकतेविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक सारे पलायनाभोवती फिरते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून दोन सहकाऱ्यांसह निसटलेले वैमानिक दिलीप परुळकर पुणेकरांना आदराने आठवतात आणि ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धातील जपानी छावण्यांत पळून जाणे जवळजवळ अशक्य असताना, केवळ सोबत्यांना जगवण्यासाठी उभ्या राहिलेल्या कार्यशाळांविषयी मराठीत फारच थोडे वाचायला मिळते, याची मला खंत वाटते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर चांगी येथील कैद्यांनी काटेरी तारेपासून खिळे केले, पामतेल आणि लाकडाच्या राखेतून साबण बनवला, रबराच्या चिकाने पादत्राणांचे तळवे दुरुस्त केले. तेथेच मोडक्या विमानांचे ॲल्युमिनियम, लाकूड आणि मिळेल ते भंगार वापरून कृत्रिम पायही तयार होत. जपान्यांनी कैद्यांना राबवून बांधलेल्या सयाम-ब्रह्मदेश (आजचे थायलंड-म्यानमार) रेल्वेच्या कामावर बांबूचा साधा ओरखडा चिघळून त्याचा मोठा व्रण होई आणि अनेकदा पाय कापण्यावाचून उपाय उरत नसे. याच रेल्वेवरील चुंगकाईच्या छावणीत कॅनडाचे शल्यविशारद जेकब मार्कोविट्झ यांच्यापुढे रक्त देण्याचा प्रश्न होता, कारण रक्त गोठू न देणारे रसायन उपलब्ध नव्हते. त्यांनी दात्याचे रक्त भांड्यात घेऊन ते सतत ढवळण्याची पद्धत वापरली. गुठळी बनवणारे तंतू ढवळणीला चिकटत, उरलेले रक्त कापडातून गाळून रुग्णाला दिले जाई. शरीरक्रियाशास्त्राचे पक्के ज्ञान नसते, तर निव्वळ हिकमतीने हे साधले नसते, हे मला येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. पटकी झालेल्यांना सलाइन देण्यासाठी अन्य छावण्यांत बांबूच्या बारीक नळ्याही वापरल्या गेल्या.

हा विषय पुण्याचा कसा, असे कोणी विचारील. चांगीत भंगारातून पाय घडत होते त्याच काळात, १९४४ साली, पुण्यात जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. गोळीबार मैदानाजवळचे हे केंद्र आजही सैनिकांना आणि नागरिकांना सेवा देते. साधनांनी युक्त असे एक केंद्र आणि तुरुंगाच्या भिंतीआडची साधनहीन कार्यशाळा यांचा इतिहास शेजारी शेजारी मांडण्यास या शहराइतकी उचित जागा दुसरी कोणती असणार?

म्हणून माझी विनंती अशी की, घोरपडी येथील राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या संग्रहालयात शस्त्रास्त्रांच्या जोडीने या विषयाचे एक छोटे दालन असावे आणि तेथील प्रतिकृती शहरातील अभियांत्रिकी व वैद्यकीय विद्यार्थ्यांकडून, मूळ साहित्याच्याच मर्यादेत राहून, करून घ्याव्यात. सिंगापूरमध्ये शरण आलेल्यांत सुमारे ४० हजार भारतीय सैनिक होते, तरी या कार्यशाळांच्या उपलब्ध नोंदी मुख्यतः ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन कैद्यांच्या आहेत. ज्या घरांत बंदिवास भोगलेल्या आजोबा-पणजोबांची पत्रे, वह्या किंवा हाताने केलेल्या वस्तू असतील, त्यांनी त्या रद्दीत किंवा भंगारात जाऊ देऊ नयेत, आणि स्मारकाच्या व्यवस्थापनाने त्यांची छायाचित्रे घेऊन नोंद करण्याची सोय करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, वानवडी, पुणे