पंचगंगेत गळ टाकायचा कशाला?

महोदय,

तेरवाड बंधाऱ्याजवळ मी लहानपणापासून गळ टाकतो. कणकेत हळद मळून गोळी कशी लावायची, हे वडिलांनी मला इथंच शिकवलं. तेव्हा मरळ, वाम, शिंगाळा हमखास लागायचे. आता लागलीच तर चिलापी, आणि ती कढईत टाकली की रॉकेलसारखा वास सुटतो.

उन्हाळ्यात प्रवाह थांबला की कोल्हापूर-इचलकरंजीकडचं सांडपाणी बंधाऱ्यात तुंबतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं, त्यावर केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, झाकण. माशांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच निकष आहे. तेवढा उरला नाही की पहाटे मासे पाण्यावर येऊन आ वासतात आणि उजाडेपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांचा थर लागतो. मग पाण्याचे नमुने घेतले जातात, वरून पाणी सोडलं की सगळी घाण पुढं कृष्णेत. भोई बांधवांच्या बुडालेल्या रोजगाराचा पंचनामा झालेला मात्र मी अजून पाहिला नाही.

प्रत्येक बंधाऱ्यावर प्राणवायूची रोजची नोंद फलकावर लावावी, आणि आकडा घसरला की त्याच दिवशी नाले अडवावेत.

— एक वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर