आई, एकदा कान तपासून घे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईला अर्धं ऐकू येत नाही, मग बाबा मध्ये ओरडून सांगतात आणि मूळ बोलणं राहूनच जातं. म्हणून पत्र. आई, तू स्वतः सावकाश वाच.

माझ्या उजव्या कानाच्या ऑपरेशनला दीड महिना झाला. परवा फोडणीत कढीपत्ता टाकला आणि त्याची चरचर नीट ऐकू आली. गॅस बंद करून तिथेच रडले.

आपल्या दोघींचं दुखणं एकच असावं: ऑटोस्क्लेरोसिस. पडद्यामागचं शेवटचं हाड, रिकिबीच्या आकाराचं, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ते जागीच घट्ट बसतं आणि आवाज आत पोचत नाही. हे घराण्यात चालतं, बऱ्याच बायकांना बाळंतपणाच्या सुमारास जाणवायला लागतं. कानात कापूस घातला नाहीस म्हणून वारं शिरलं, असं आजी म्हणायची. तुझी काही चूक नव्हती गं. आणि आठवतं, एसटीच्या खडखडाटात तुला आमच्यापेक्षा नीट ऐकू यायचं? तेही याच आजाराचं लक्षण.

त्या हाडाला बारीक भोक पाडून टेफ्लॉनचा पिस्टन बसवतात. मला भूल कानापुरतीच दिली होती. दोन दिवस गरगरलं, जिभेवर धातूची चव राहिली, आता ती गेली. शंभरात एखाद्याचा कान उलट कायमचा जातो, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून दोन्ही कान एकदम करत नाहीत. जास्त गेलेला आधी, दुसरा काही महिन्यांनी. मी दुसराही करणार आहे. हाक आली की अजून भलतीकडेच मान वळते, रस्त्यावर हॉर्न कुठून वाजला ते कळत नाही. गर्दीत तर एका कानावर फार ताण येतो. तू रोज एकटी मंडईत जातेस, तेव्हा मला हेच आठवतं.

इतक्या वर्षांत तुझी नसही थोडी कमजोर झाली असेल. तसं असलं तर ऑपरेशननंतरही कानाचं मशीन लागेल, पण त्याचा आवाज इतका वाढवावा लागणार नाही. बाबा, तुमचं निव्वळ वयाचं निघालं तर हे ऑपरेशन उपयोगाचं नाही, मशीनच. म्हणून ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी, दोघांची. आणि 'आता या वयात कशाला' हे आईसमोर म्हणू नका.

शुक्रवारी रात्री येते. शनिवारी दहाची वेळ घेतली आहे. कानाचे जुने कागद ट्रंकेत असतील, ते काढून ठेवा.

तुमची,
छोटी