काका, तुमच्या ‘नाही’बद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही “बरं बरं, केएच मोजला का ते सांगा” म्हणून पाण्यातल्या कार्बोनेटच्या त्या आकड्याकडे विषय वळवता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय पुण्यात घरी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा म्हणून कुणी पहिल्यांदाच दुकानाकडे निघालं असेल, तर त्याच्याही कानावर या गोष्टी गेलेल्या बऱ्या.

माझ्या आभारांची यादी म्हणजे बरीचशी तुम्ही मला घेऊ न दिलेल्या वस्तूंची यादी आहे.

आपली ओळख झाली तीच अशी. मी काउंटरवर तीन फुटी टँक, लाइट, वाळू आणि मासे एका दमात सांगत होते. शेजारी पंपाचा इंपेलर शोधत उभे असलेले तुम्ही, ओळख ना पाळख, म्हणालात, “बाई, घरचं पाणी मोजलंत का?” आणि खिशातून पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा टीडीएस मीटर काढून हातावर ठेवलात. सिंहगड रोडवर आम्ही खडकवासल्याचं पाणी पितो, ते चांगलंच आहे. पण एप्रिल लागला की सोसायटीत टँकर सुरू होतात आणि टँकरमध्ये असतं बोअरचं जड पाणी. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही प्रवाळांना पुरत नाही, कारण त्यात थोडे क्षार उरतातच. त्यापुढे उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी लावून आकडा शून्यावर आणायचा, तेव्हा कुठे मीठ घालायचं. फॉस्फेट आणि सिलिका आत गेली की शेवाळाची चंगळ होते. तांब्याचा अंश गेला तर कोळंबी आणि गोगलगायी जिवाला मुकतात. त्या दिवशी मी फक्त एक डीआय कार्ट्रिज घेऊन घरी आले. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता.

अलिबागच्या मामेभावाने समुद्राचंच पाणी कॅन भरून आणतो म्हटलं, तेव्हाही तुमचं उत्तर “नाही”च. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ, त्यात बोटींचं डिझेल, आणि पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी मिसळून क्षारता कुठच्या कुठे उतरलेली. त्यापेक्षा लिटरला साधारण ३५ ग्रॅम सॉल्ट मिक्स वेगळ्या पिंपात घालायचं, रात्रभर पंपाने ढवळायचं आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की वापरायचं. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर तुम्ही आपला दिलात आणि वर दम दिलात, “साध्या पाण्यावर शून्य लावून समाधान मानू नका, ३५ पीपीटीच्या द्रावणावर तपासा.” कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभी हयात गेलेल्या माणसाकडून शिकण्याचा हा फायदा.

एका विक्रेत्याने फोनवर ‘ओरिजिनल लाइव्ह रॉक, कोरलसकट, घरपोच’ असे समुद्रातून काढलेल्या जिवंत खडकांचे फोटो पाठवले होते. दिसायला सुरेख. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून एकच नजर टाकलीत आणि म्हणालात, “हे घरात आणायचं नाही.” दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला. समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही त्यात आले. आपल्या मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत, विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारी अँग्रिया बँक आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं. आपल्या दिवाणखान्यासाठी तिथला तुकडा फोडायचा म्हणजे काय, हे तुम्ही भाषण न देता सांगितलंत. टँकमध्ये कोरडा, सच्छिद्र खडक आला. जिवंत काय येईल ते कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेलंच, हा नियम मी अजून पाळते आहे.

आणि मग तो नवसागर! खडक, वाळू, खारं पाणी, सगळं तयार, आणि आत एकही जीव नाही. सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवण्याची प्रक्रिया, सुरू करायला धट्टाकट्टा मासा सोडा, असं दुकानात सांगत होते. तुम्ही म्हणालात, “माशाला कशाला जाळायचं? अमोनियाच हवाय ना?” आणि अमोनियम क्लोराइडची बाटली घेऊन आलात. कल्हईवाल्याचा नवसागर नव्हे, प्रयोगशाळेचा शुद्ध. वजन करून, द्रावण करून, टँकमध्ये अमोनिया २ पीपीएमपर्यंत नेलात. पुढचे कित्येक आठवडे मी रोज संध्याकाळी परीक्षानळी पांढऱ्या कागदावर धरून वरून बघत होते. हिरवा, हिरवा, हिरवाच. मग हिरव्यात पिवळी झाक, म्हणजे अमोनिया उतरायला लागला. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि दुसरे पहिल्यांच्या मागून सावकाश वाढतात. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “आमच्या सूनबाईंनी दगड पाळलेत.” जिवाणू वाढवतेय म्हटलं असतं तर आणखी पंचाईत! अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि पुन्हा नवसागर घातल्यावर चोवीस तासांत परत शून्य झाले, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. त्यानंतर सगळीकडे तपकिरी साय धरली. त्यावर विकायला आलेली रसायनंही तुम्ही नाकारलीत. ही साय म्हणजे डायटम्स, ते सिलिका खातात आणि ती संपली की जातात, म्हणालात. गेलेच.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र गुरुवार. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा तो वार. तुम्ही दहा वाजता आलात, चहाही न घेता संपसमोर, म्हणजे टँकखालच्या छोट्या टाकीसमोर, मांडी घालून बसलात आणि म्हणालात, “वीज जाईपर्यंत थांबायचं कशाला? काढा प्लग.” खालचं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबला आणि वरच्या टँकचं पाणी पाइपातून उलटं खाली यायला लागलं. संपमधली पातळी चढत गेली. मी घाबरून पोछा घेऊन उभी. नळीला पाण्याच्या रेषेशी पाडलेल्या बारीक भोकातून हवा ओढल्याचा सुर्र आवाज आला आणि चढणं थांबलं, काठापासून चार बोटं खाली. मग पंप पुन्हा सुरू करून, पाणी स्थिर झाल्यावर तुम्ही मार्करने काचेवर रेघ ओढलीत, “चालू पंपात याच्या वर कधी भरायचं नाही.” खालच्या मजल्यावरच्या लोकांशी माझे संबंध आजही चांगले आहेत, त्याचं श्रेय त्या रेघेला. बॅटरीवरचा एअर पंपही तुमच्याच सांगण्यावरून.

चिलर घ्यायला निघाले होते, तोही तुम्ही थांबवलात. पुण्याचा एप्रिल-मे तापतो पण हवा कोरडी असते. संपवर पंखा सोडला की बाष्पीभवनानेच दोनतीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत हे जमलं नसतं. “पाणी उडतं, मीठ उडत नाही,” हे तुमचं वाक्य मी कपाटाच्या दारावर चिकटवलं आहे. उडालेल्याची भरपाई म्हणून भरायचं ते डीआयचं साधं पाणी, खारं नाही.

एक ‘नाही’ मात्र तुम्ही चिडून म्हणालात. झोआ नावाच्या प्रवाळासारख्या जीवाचा फ्रॅग, म्हणजे लावायचा तुकडा, मी उघड्या हाताने चिकटवायला घेतला होता. तुम्ही तो काढून घेतलात, हातमोजे आणि गॉगल पुढे केलात. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. परदेशात तसले खडक उकळून साफ करायला गेलेली अख्खी कुटुंबं इस्पितळात पोचली आहेत, ती वाफ श्वासात गेल्याने. हे माझ्या पत्रातलं एकच वाक्य कुणाच्या लक्षात राहणार असेल तर ते हेच राहो.

चिरंजीवांना निळा टँग मासा हवा होता. त्याला सहा फुटी टँक लागतो हे तुम्ही त्यालाच टेप घेऊन मोजायला लावलंत, त्यामुळे रडारड झाली नाही. त्याऐवजी हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी आली. हे मासे आधी सगळे नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो, ही माहिती त्याने शाळेत सर्वांना सांगितली आहे. बाईंचा फोन आला होता. त्यांना तुमचा नंबर देऊ का?

बाकी, परवा केएच ७.२ आला, कॅल्शियम ४१०. कमी पडणाऱ्या क्षारांचं डोसिंग सुरू करू की पाणी बदलूनच भागेल? शनिवारी संध्याकाळी येते. मी नवा रिफ्रॅक्टोमीटर घेतला आहे, तेव्हा तुमचा परत आणते, आणि तुम्हाला हवा होता तो हिरव्या मशरूम प्रवाळाचा फ्रॅगही. काकूंना सांगा, चहा घेतल्याशिवाय जाणार नाही.

तुमची,
सिंहगड रोडवरची ‘दगडवाली’