ओटीपी दिला म्हणून नुकसानही माझेच?

संपादक महोदय,

घरात नवे यंत्र बसवून झाले की निघताना तंत्रज्ञ मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो. ‘कॉल क्लोज करायचाय, मॅडम.’ आपण आकडे सांगतो, तो बॅग उचलून पुढच्या घरी पळतो. त्या आकड्यांवरून ‘ग्राहकाने काम पाहिले, तपासले आणि समाधानी असल्याचे कळवले’ असा अर्थ कंपनी काढते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. आमचे स्वयंपाकघर पाण्यात गेल्यावर कंपनीकडून मला सर्वप्रथम ऐकायला मिळाले ते हेच: ‘इन्स्टॉलेशन सॅटिस्फॅक्टरी असल्याचा ओटीपी तुम्हीच दिला आहे.’

आम्ही घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या बाजूला एका टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. नौपाड्यातल्या एका दुकानातून 17,500 रुपयांचा वॉटर प्युरिफायर घेतला. बिलावर ‘इन्स्टॉलेशन फ्री’. कंपनीने नेमलेल्या एजन्सीचा मुलगा आला. त्याने भिंतीला भोके पाडून यंत्र टांगले, सिंकखालच्या लाइनमधून पाणी घेतले, जादा नळी आणि ॲडॉप्टरचे म्हणून 850 रुपये स्वतःच्या नंबरवर यूपीआयने घेतले, पावती ‘मेलवर येईल’ म्हणाला. ती अर्थातच आली नाही. पुढे आम्ही साताऱ्याला लग्नाला गेलो असताना रात्री सिंकखालचा जोड निसटला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यावर छतातून धार लागली, तेव्हा त्यांनी वॉचमनला उठवले आणि त्याने डक्टमधला आमचा कॉक बंद केला. आमच्याकडे प्रत्येक कॉकवर फ्लॅटचा नंबर रंगवलेला आहे म्हणून हे जमले. ज्या सोसायट्यांमध्ये तो नसेल त्यांनी रंगाचा डबा आणायला उशीर करू नये.

नुकसान असे: ओट्याखालच्या ट्रॉल्यांचे प्लायवूड फुगले, सनमायका सुटला, दोन ड्रॉवर अडकले ते कायमचेच. काकूंच्या घरी पीओपीचा पत्रावळीएवढा तुकडा खाली आला आणि भिंतीवर पिवळे ओघळ उमटले. काका हृदयाचे रुग्ण आहेत. तरी दोघांनी शब्दाने दुखावले नाही, उलट ‘अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत का?’ म्हणाले. त्यांच्या दुरुस्तीचे पैसे मी दिले, कारण पाणी माझ्या घरातून गेले होते. ते पैसे मला कोणाकडून मिळायला हवेत, हा वेगळा प्रश्न.

आता तो जोड. सोसायटीच्या प्लंबरने तो सोडवून माझ्या हातात ठेवला. अशा कनेक्टरमध्ये नळी नुसती आत दाबून बसवायची असते. तिचे टोक सरळ कापलेले असेल तर ती आतल्या रबरी रिंगेच्या पलीकडे पुरती जाते आणि घट्ट धरली जाते. आमच्या नळीचे टोक कात्रीने तिरके कापलेले होते, एक बाजू आत आणि एक बाजू अर्धवट. वर जी छोटी निळी क्लिप लावायची, ती लावलेलीच नव्हती. मग प्लंबरने नळाला प्रेशर गेज लावला. काटा 3.8 किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर 3.8 किलो दाब) गेला. यंत्राच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिले आहे की येणाऱ्या पाण्याचा दाब 2 किलोपेक्षा जास्त असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा. प्लंबर त्याला पीआरव्ही म्हणतात. तो शेदोनशे रुपयांत येतो असेही नाही, पण ट्रॉल्यांपेक्षा खूपच स्वस्त. आलेल्या मुलाने दाब मोजला नव्हता, कारण त्याच्या बॅगेत गेजच नव्हता.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब वाढतो. त्यामुळे उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब आटोक्यात ठेवायला डक्टमध्ये व्हॉल्व्ह बसवलेले असतात, तरी घरात येणारा दाब प्युरिफायरच्या नाजूक नळीला जड जाऊ शकतो. ‘आणि रात्री कोणी नळ सोडत नाही ना, तेव्हा तर काटा अजून चढतो,’ असे प्लंबर म्हणाला. असे जोड लोक झोपेत असतानाच का सुटतात, ते मला तेव्हा कळले.

यानंतर टोलवाटोलवी सुरू झाली. दुकानदार म्हणाला, आम्ही फक्त विकतो. एजन्सी म्हणाली, आम्ही कंपनीच्या पद्धतीने बसवले. कंपनी म्हणाली, यंत्र चालू आहे, त्यात दोष नाही आणि वॉरंटी फक्त यंत्राची असते, आसपासच्या वस्तूंची नाही. एका प्रतिनिधीने तर ‘घराचा इन्शुरन्स नाहीये का तुमचा?’ असे विचारले. पाहणीला आलेला माणूस तो निसटलेला जोड ‘कंपनीला दाखवायला’ घेऊन निघाला होता. मी दिला नाही. फोटो काढा, मोजमाप घ्या, वस्तू माझ्याकडे राहील, असे सांगितले. बऱ्याच जणांचा पुरावा असाच दारातून बाहेर जातो, आणि मग ‘दोष सिद्ध करा’ म्हणून आपल्यालाच ऐकवले जाते.

बऱ्याच ईमेलनंतर प्रस्ताव आला: 1,500 रुपयांचे फिल्टरचे व्हाउचर, एक वर्ष मोफत सर्व्हिस आणि ‘संबंधित तंत्रज्ञावर दंडात्मक कारवाई’. सोबत सहीसाठी कागद, त्यात ‘याउपर माझा कोणताही दावा राहणार नाही’ अशी ओळ. म्हणजे तोंडाला पाने पुसायची आणि वर लिहूनही घ्यायचे. मी सही केली नाही. त्या मुलाचा पगार कापण्याला तर माझा विरोधच आहे. त्याला कॉलमागे पैसे मिळतात. घोडबंदरच्या कोंडीत अडकून तो धापा टाकत येतो, त्याला गेज कोणी दिलेला नाही आणि दाब मोजायला कोणी शिकवलेले नाही. ज्याने कामाचा हा साचा ठरवला, त्यानेच भरपाई द्यावी.

भरपाई किती, यावर मात्र नीट बोलायला हवे. मी नोकरीत आयुष्यभर हिशेबनिसाचे काम केले, त्यामुळे जुन्याच्या बदल्यात फुकट नवे मागणे मला पटत नाही. सुताराने खालच्या ट्रॉल्यांचा अंदाज 42,000 रुपये दिला. ट्रॉल्या पाच वर्षे वापरलेल्या होत्या. एकूण आयुष्य पंधरा वर्षे धरून मी एक तृतीयांश घसारा कापला आणि 28,000 मागितले. काकूंच्या छताचे आणि रंगाचे 19,000 पूर्ण मागितले, कारण त्यांनी रंग गेल्याच दिवाळीला दिला होता आणि या व्यवहाराशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. जादा सामानाचे 850. एकूण 47,850 रुपये, आणि पीआरव्हीसह यंत्र पुन्हा नीट बसवून द्यायचे. प्युरिफायरचे पैसे परत मागितले नाहीत, कारण यंत्र खरेच चांगले आहे. मनस्तापाचा आकडा मी घातला नाही. तो ग्राहक आयोगाने ठरवावा. ही मागणी वाचून कंपनीच्या अधिकारी बाई फोनवर म्हणाल्या, ‘मॅडम, आमच्या पॉलिसीमध्ये असं बसत नाही.’ अवाच्या सवा मागितले तर ग्राहक लबाड ठरतो आणि घसारा कापून मागितले तर पॉलिसीत बसत नाही!

त्यांच्या पॉलिसीत नसेल, पण कायद्यात आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादन दायित्वाचे, म्हणजे उत्पादनामुळे किंवा त्याच्या सेवेमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचे, स्वतंत्र सहावे प्रकरण आहे, जे 1986च्या कायद्यात नव्हते. त्यात उत्पादक आणि विक्रेत्याबरोबर उत्पादनाशी निगडित सेवा देणाराही येतो. सेवा सदोष, अपुरी किंवा निष्काळजीपणाची असेल तर कलम 85 प्रमाणे तो जबाबदार ठरू शकतो. या संदर्भात ‘हानी’ कशाला म्हणायचे, ते कलम 2 मध्ये दिले आहे, आणि त्यात पहिलीच गोष्ट आहे ‘त्या उत्पादनाव्यतिरिक्त इतर मालमत्तेचे नुकसान’. मालमत्तेच्या नुकसानीमुळे झालेला मानसिक त्रासही त्यात मोडतो. म्हणजे ‘आम्ही फक्त यंत्राचे पाहतो, ट्रॉलीचे नाही’ हे उत्तर नेमके उलटे आहे. प्रकरणाचा मुख्य विषयच ट्रॉली आणि छत हा आहे.

दाद मागणे वाटते तितके अवघडही नाही. जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा आपण वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवरून ठरते, ती सध्या 50 लाखांपर्यंत आहे, आणि किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असो की बेंगळुरूत, आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. नवी मुंबईकरांसाठी तर अतिरिक्त जिल्हा आयोग बेलापूरला कोकण भवनात आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. ती कंपनीकडे पाठपुरावा करते, पण हुकूम देऊ शकत नाही. माझ्या बाबतीत तिथूनही त्या व्हाउचरच्या प्रस्तावापलीकडे काही निघाले नाही. कायद्यात शक्यतो तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात तारखा कशा लांबतात ते ठाणेकरांना सांगायला नको, आणि कंपन्यांचा सगळा भरवसा त्या लांबण्यावरच असतो. 47 हजारांसाठी ही बाई किती दिवस दम धरेल, हाच त्यांचा हिशेब.

माझे दोन आग्रह आहेत. पहिला कंपन्यांना: ओटीपी घेण्याआधी जॉबकार्डावर पाण्याचा दाब, पीआरव्ही बसवला की नाही, क्लिप लावली का, हे तंत्रज्ञाने हाताने लिहावे आणि त्याची प्रत ग्राहकाला द्यावी. ओटीपीच्या संदेशात ‘कामाची तपासणी झाली’ असे छुपे कबूल करून घेऊ नये. दुसरा ठाण्यातल्या दुकानदारांना: ‘फ्री इन्स्टॉलेशन’ म्हणून माल विकता, तर ते कोण करणार आणि नुकसान झाले तर कोण भरून देणार, हे बिलावर दोन ओळींत छापा. गिऱ्हाईक तुमच्या पाटीवर विश्वास ठेवून येते, एजन्सीचे नावही त्याला माहीत नसते.

काकूंचे छत दुरुस्त झाले आहे. कंपनी, एजन्सी आणि दुकानदार, तिघांनाही मी नोटीस पाठवली. एजन्सीचे उत्तर आले नाही, दुकानदाराने ती कंपनीकडे ‘फॉरवर्ड’ केली आणि कंपनीने व्हाउचरची रक्कम 1,500 वरून 2,500 केली. त्यामुळे ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. सोबत दुकानाचे बिल, यूपीआयची नोंद, पुस्तिकेचे पान, प्लंबरचे सही केलेले पत्र, काट्याचा आणि तिरक्या कापलेल्या नळीचा फोटो जोडला आहे. पहिली तारीख अजून लागायची आहे.

आपली,
एक वाचक
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)