विम्बल्डनचा करंडक कोणाचा?

इंग्लंडमधील छोट्या फुटबॉल क्लबांवरील रविवारच्या लेखात १९८८चा एफए कप (इंग्लंडमधील फुटबॉलची बाद पद्धतीची स्पर्धा) मिल्टन कीन्स डॉन्सच्या नावावर दाखवला आहे. ते चूक आहे; तो लंडनच्या विम्बल्डन क्लबने जिंकला होता. २००२मध्ये त्रिसदस्यीय आयोगाने २-१ मतांनी विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलण्याची मुभा दिली; तिथे तो पुढे मिल्टन कीन्स डॉन्स झाला. त्याच उन्हाळ्यात चाहत्यांनी विम्बल्डन कॉमनच्या मैदानावर निवडचाचणी घेऊन एएफसी विम्बल्डन उभा केला. खालच्या स्तरावरील कम्बाइन्ड काउंटीज लीगपासून नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवत तो २०११मध्ये व्यावसायिक क्लबांच्या फुटबॉल लीगमध्ये आला, २०२०मध्ये विम्बल्डनच्या मूळ ठिकाणी, प्लाव लेनवर परतला. जुन्या क्लबची लीगमधली जागा कागदोपत्री मिल्टन कीन्स डॉन्सकडे गेली, हे मान्य; पण २००७मध्ये त्या करंडकाची प्रतिकृती व अन्य मानचिन्हे त्यांनी स्वतःच विम्बल्डन ज्या भागात येते त्या मर्टनच्या स्थानिक पालिकेकडे सोपवली. मग लेखकांनी ती परस्पर त्यांच्या खात्यात का टाकावीत?

– एक वाचक, ठाणे