कुलूपबंद प्रोसेसर आणि पाचशे वॅटचा हिशेब

गंगापूर रोड, नाशिक
७ डिसेंबर

प्रिय सचिन,
स.न.वि.वि.

व्हिडिओ एडिटिंगच्या मशीनचा वेग वाढवायचाय म्हणून तू पाठवलेले मशीनचे आणि बायोसचे (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्याचे) फोटो नीट पाहिले. मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) वाढत नाही म्हणून मदरबोर्डाला शिव्या देऊ नकोस, बोर्ड ठणठणीत आहे. तुझ्या इंटेल प्रोसेसरच्या, आय७-१२७००एफच्या नावात ‘के’ नाही, म्हणजे कुलूप इंटेलनेच घातलंय. बोर्ड बदललास तरी ते निघायचं नाही.

बेस क्लॉकचा नाद सोड. १०० मेगाहर्ट्झचा १०३ केलास तर वेग वाढणार तीन टक्के, पण त्याच क्लॉकवर पीसीआय एक्स्प्रेसही (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जोडणारा मार्ग) चालतं. तिथे ताण आला की एसएसडी मध्येच गायब होते, फायली खराब होतात. लग्नाच्या शूटिंगचा डेटा असलेल्या मशीनवर हा जुगार कशाला? काही महागड्या बी६६० चिपसेटच्या बोर्डांवर प्रोसेसरसाठी वेगळी क्लॉक चिप असते. तुझ्या बोर्डावर ती नाही.

तुझा खरा अडसर वेगळाच आहे. व्हिडिओचा एक्स्पोर्ट पहिलं अर्धं मिनिट पळतो आणि मग बसतो, असं तू लिहिलंस. हा प्रोसेसर सुरुवातीला १८० वॅटपर्यंत जाऊ शकतो, पण २८ सेकंदांच्या हिशेबानंतर त्याला ६५ वॅटवर आणलं जातं. बारा कोर ६५ वॅटमध्ये भागवायचे, म्हणजे क्लॉक पडणारच. मल्टिप्लायरला कुलूप असलं तरी हे आकडे बहुतेक बोर्डांवर बदलता येतात. बायोसमध्ये ‘लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट’ आणि ‘शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट’ शोध. काही ठिकाणी ते पीएल१ आणि पीएल२ या नावाने असतात.

तिथे थेट ४०९६ (म्हणजे जवळपास मर्यादाच नाही) टाकून मोकळा होऊ नकोस. आधी पॉवर सप्लायचं लेबल वाच. डब्यावरचे ५०० वॅट विसर, १२ व्होल्टच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघ. तुझ्या फोटोत ३८ अँपिअर दिसतात. १२ गुणिले ३८, म्हणजे ४५६ वॅट. खर्चायला एवढेच आहेत.

आता खर्च मांडू. प्रोसेसरला १८० वॅट द्यायचे तर बोर्डावरच्या व्हीआरएमची (प्रोसेसरला लागेल तेवढ्या व्होल्टेजवर वीज उतरवून देणाऱ्या भागाची) गळती धरून सप्लायकडून साधारण २०५ जातात. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचे १७०. बोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क आणि पंखे मिळून ५० धर. झाले ४२५. कागदावर बसतं, पण ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं ठरलेल्या आकड्याच्या बरंच वर उसळतं, आणि नेमकं तेव्हाच सप्लायचं संरक्षण मशीन बंद करतं. १२५ वॅटवर हाच हिशेब १४२ अधिक १७० अधिक ५० असा ३६२ होतो. उसळीला नव्वदेक वॅटची जागा उरते. माझं मत विचारशील तर तुझा आकडा १२५. दोन्ही लिमिट तेवढ्यावरच ठेव, म्हणजे २८ सेकंदांची भानगडच उरत नाही.

एकदम १२५ मात्र नको. आधी ९५ ठेव, सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालव, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि व्हीआरएमचा सेन्सर असेल तर तोही बघ. मग ११०, मग १२५. शेवटच्या फेरीत सोबत फरमार्कही (ग्राफिक्स कार्डाला ताण देणारी चाचणी) लाव, कारण सप्लायची खरी परीक्षा दोघं एकत्र पेटल्यावरच होते. त्याआधी प्रोसेसरची आठ पिनची केबल पूर्ण बसली आहे ना ते तपास. फोटोत चारच पिना लावलेल्या दिसतात, उरलेल्या चार बाजूला लोंबतायत. सगळा करंट अर्ध्या पिनांतून गेला की प्लग तापून पिवळा पडतो.

वॅट न वाढवता थोडा वेग हवा असेल तर बायोसमधली एसी लोडलाइन (प्रोसेसरला जाणारं व्होल्टेज ठरवणारी एक सेटिंग) कमी कर. एमएसआय कंपनीच्या बोर्डावर त्याला ‘सीपीयू लाइट लोड’ म्हणतात. एकेक पायरी उतर. व्होल्टेज कमी झालं की त्याच १२५ वॅटमध्ये क्लॉक वर राहतो. जास्त उतरलास तर निळा स्क्रीन किंवा विंडोजच्या नोंदीत डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरच्या) चुका दिसतील. मग दोन पायऱ्या मागे ये.

कुठे बिघडतंय ते लक्षणांवरून ओळखता येतं. निळा स्क्रीन न येता दिवा विझावा तसं मशीन बंद पडलं तर संशय सप्लायवर. मशीन चालू आहे पण क्लॉक घसरतोय, तर प्रोसेसर नाहीतर व्हीआरएम तापलंय. व्हीआरएमवर हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) नसेल तर ९५ वरच थांब.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सध्या तुमच्या निफाडात पहाटे दात वाजतात, त्यामुळे आत्ता घेतलेली चाचणी खोटं बोलेल. समजा कूलर खोलीच्या वर ६० अंश चढू देतो. खोली १८ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७८ वर. मे महिन्यात पत्र्याखालची तीच खोली ३८ वर गेली की ९८, आणि १०० ला तो स्वतःच वेग कापतो. म्हणून आजच्या चाचणीत ७५ च्या वर जाऊ देऊ नकोस. डब्यासोबत आलेल्या कूलरवर १२५ वॅट जमणार नाहीत. चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घे.

यूपीएसही बदलावा लागेल. तुझा ६०० व्हीएचा म्हणजे फार तर ३६० वॅटचा. ३६२ वॅटच्या लोडला सप्लाय भिंतीतून सव्वाचारशे ओढतो. रेंडर चालू असताना लाइट गेली तर तो किंचाळून सगळंच बंद करेल. तोवर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आण, २५ वॅट सुटतील. संध्याकाळी बागांचे पंप सुरू झाले की व्होल्टेज किती पडतं, तेही एकदा मीटर लावून बघ.

बायोस अडकलंच तर प्लग काढून बोर्डावरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेव. सगळे आकडे मूळ जागी येतात.

९५ वर दहा मिनिटांनंतरचं तापमान आणि क्लॉक कळव, पुढचं त्यावर ठरवू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंदार